वाचकांचे प्रश्न : ती ओळ तिथे का आहे?

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरविषयी कोल्हापूर परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निरनिराळ्या माणसांची असूनही एकाच दुखण्याविषयी होती. प्रकल्प चालतो आहे, पण तो आतून कसा आणि कशासाठी तसा बांधला आहे हे कुठे लिहिलेले नाही, किंवा जे लिहिलेले आहे ते आता खरे उरलेले नाही. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच-सहा विद्यार्थी मिळून मराठी मजकूर स्वच्छ करणारा, म्हणजे जुन्या फाइलींतील नको असलेली चिन्हे आणि दुहेरी मोकळ्या जागा काढून टाकणारा, एक छोटा ओपन सोर्स प्रकल्प चालवतो. वापरणाऱ्यांसाठीची रीडमी फाइल आम्ही नीट लिहिली आहे. मात्र आतल्या रचनेबद्दल काहीच लिहिलेले नाही. आमच्यातला सर्वांत अनुभवी मित्र म्हणतो की चांगला कोड स्वतःच बोलतो, वेगळे लिहिण्याची गरज नसते. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. चलांना (व्हेरिएबल्सना) आणि फंक्शनांना, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांना, अर्थपूर्ण नावे दिली आणि एका फंक्शनवर एकच काम सोपवले, तर कोड काय करतो हे वाचूनच कळते. ‘येथे संख्येत एक मिळवला’ अशी टिप्पणी, म्हणजे कोडमध्ये फक्त माणसांसाठी लिहिलेली टीप, त्या ओळीवर लिहिणे म्हणजे पाटीवर ‘पाटी’ असे लिहून ठेवण्यासारखे आहे. परंतु कोड जे करतो तेवढेच सांगू शकतो. तो तसे का करतो, दुसरा सोपा दिसणारा मार्ग का सोडून दिला आणि कोणती गोष्ट मुद्दामच केलेली नाही, हे त्याच्या कितीही पोटात शिरले तरी सापडत नाही. अंतर्गत दस्तऐवजीकरण असते ते या उरलेल्या निम्म्यासाठी.

तुमच्याच प्रकल्पातले उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. आणि मंगल कार्यालयात ‘आचार्यांना बोलवा’ म्हणणे व ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हणणे यांत किती अंतर आहे, ते पंगतीला बसलेल्यांना विचारावे. ‘दऱ्या’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला तो वळणदार अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ, म्हणजे सांकेतिक क्रमांक ०९३१, आणि त्यानंतर हलन्त येतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचे चिन्ह येते, ज्याचा क्रमांक २००डी आहे आणि ज्याला स्वतःची रुंदीच नसल्यामुळे ते पडद्यावर दिसत नाही. मजकूर स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकण्याचा मोह कोणालाही होईल, आणि शून्य रुंदीची मोकळी जागा किंवा फाइलीच्या आरंभी येणारे बाइट ऑर्डर मार्क यांच्या बाबतीत ते योग्यही असते. तुमच्यापैकी कोणीतरी हा भेद ओळखून २००डी या चिन्हाला वगळणारी एक अट घातली असेल, असे धरून चालू.

आता दोन वर्षे पुढे जा. तुम्ही सर्व जण नोकरीच्या गावी पांगला आहात आणि प्रकल्प एका नव्या मुलाच्या हाती आहे. अदृश्य चिन्हांच्या यादीतून एकच चिन्ह वगळलेले त्याला दिसते. ते चुकून राहून गेले असावे असा त्याचा समज होतो आणि तो ती अट काढून टाकतो. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालतो, कोणतीही चूक दाखवत नाही. फक्त दुसऱ्या रीतीने टंकलेली प्रत्येक ‘दऱ्या’ यापुढे ‘दर्या’ होऊन बाहेर पडते. मूळ फाइल जपून ठेवली नसेल, तर कोणता ‘दर्या’ आधीपासूनचा आणि कोणता आपण घडवलेला, हे कोणताही प्रोग्रॅम नंतर खात्रीने सांगू शकणार नाही. हे सगळे टाळण्यासाठी त्या अटीच्या डोक्यावर दोन ओळी पुरेशा होत्या : ‘२००डी काढू नये. र आणि हलन्त यांच्यानंतर ते आले तर अर्धा र दाखवते. काढल्यास दऱ्याचे दर्या होते.’ शक्य असल्यास त्याच शब्दाची एक आपोआप चालणारी चाचणीही सोबत ठेवावी, कारण टिप्पणी न वाचता पुढे जाता येते, पण नापास झालेली चाचणी वाट अडवते.

असे प्रसंग खरोखर घडलेले आहेत, आणि त्यांतला एक तर फार महागात पडला. ओपनएसएसएल हे संगणकांमधील संभाषण गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरले जाणारे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणासाठी त्याचे पॅकेज तयार करताना, स्मृतीच्या वापरातील चुका शोधणाऱ्या साधनांनी दोन ओळींविषयी तक्रार केली. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या दिसत होत्या आणि दोन वेगळ्या फंक्शनांमध्ये होत्या. त्यांतील एक काढली असती तर फारसे बिघडले नसते. दुसरी ओळ मात्र यादृच्छिक संख्या तयार करणाऱ्या यंत्रणेत अनिश्चितता ओतणारी, म्हणजे त्या यंत्रणेचा प्राणच होती. एका ओळीजवळ अमुक साधन येथे तक्रार करते एवढाच उल्लेख होता, आणि जी जीवनावश्यक होती तिच्याजवळ काहीच नव्हते. दोन्ही ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. त्यानंतर त्या यंत्रणेत अनिश्चित असे उरले ते जवळजवळ प्रक्रियेच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमला संगणकाने दिलेल्या, क्रमांकापुरतेच, आणि तो क्रमांक साधारणपणे ३२,७६८ च्या पलीकडे जात नसल्यामुळे डेबियन व त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर तयार झालेल्या गुप्त किल्ल्या एका यादीत मावतील इतक्या थोड्या झाल्या. हा दोष १३ मे २००८ रोजी जाहीर होईपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ लोक त्याच किल्ल्यांवर विश्वास ठेवून होते. पॅकेज करणाऱ्याने मूळ प्रकल्पाच्या लोकांना न विचारता हे केले, असेही नाही. त्याने विचारले होते आणि त्याला कोणी ठामपणे थांबवले नाही. म्हणून केवळ टिप्पणी नसल्यामुळे हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण विचारलेला प्रश्न योग्य माणसापर्यंत पोहोचेलच याची हमी नसते. ओळीला चिकटलेले वाक्य मात्र जो कोणी त्या ओळीला हात लावील त्याच्या नजरेस पडतेच.

आपल्याकडे ‘डॉक्युमेंटेशन’ म्हटले की शेवटच्या वर्षाचा बांधीव प्रोजेक्ट रिपोर्ट डोळ्यांसमोर येतो. सोनेरी अक्षरे, पन्नास-साठ पाने, सगळ्या आकृत्या आदल्या रात्री काढलेल्या, आणि तोंडी परीक्षेनंतर तो उघडायचा प्रसंग कोणावरही येत नाही. तुमच्या मित्राचा वैताग बहुधा तिथूनच आलेला असावा आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. अंतर्गत दस्तऐवजीकरण हा त्याच्या अगदी उलट प्रकार आहे. ते कोडच्या शेजारी राहते, तुकड्यातुकड्यांनी आणि गरज पडेल तसतसे लिहिले जाते, आणि त्यात पानांची संख्या कोणी मोजत नाही.

टिप्पणीत न मावणाऱ्या कारणांसाठी दुसरी जागा म्हणजे कमिट संदेश, अर्थात कोडमधला बदल नोंदवताना त्यासोबत लिहायची टीप. बदलांचा असा इतिहास जपणारे गिट हे साधन लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठीच तयार केले, आणि त्यातील ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी, केव्हा आणि कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवते. म्हणजे प्रत्येक ओळीमागे एक पत्र बांधून ठेवण्याची सोय तुमच्या हाती आधीच आहे. आपण त्या पत्रात ‘बदल केले’ किंवा ‘फायनल’ एवढेच लिहून ती वाया घालवतो. कर्नलच्या प्रकल्पात कोणतीही दुरुस्ती पाठवणाऱ्याने आधी मूळ अडचण सांगावी, मग उपाय सांगावा आणि हे स्पष्टीकरण बाहेरच्या एखाद्या दुव्यावर न विसंबता स्वतःच्या पायावर उभे राहील असे लिहावे, अशी अपेक्षा लेखी स्वरूपात नोंदवलेली आहे. बदल एका ओळीचा आणि संदेश तीन परिच्छेदांचा असेही तेथे सर्रास आढळते आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही.

तुम्ही सुरुवात कुठून करावी? सर्व जण एकत्र बसा आणि प्रत्येकाने आपल्या लिहिलेल्या कोडमधील अशा तीन जागा सांगाव्यात, जिथे नव्या मुलाचा हात पडताना पाहिला तर आपण ‘अरे थांब’ असे ओरडू. त्या पंधरा-अठरा जागांवर दोन-दोन ओळी लिहा. बाकीचे नंतर पाहता येईल.

प्रश्न : माझा उद्यमनगरात बिडाच्या कास्टिंगचे मशीनिंग करण्याचा छोटा कारखाना आहे. आमच्याकडील एका मुलाने एका ओपन सोर्स पॅकेजमध्ये फेरफार करून जॉबवर्कची चलने आणि साठ्याचा हिशेब उत्तम बसवून दिला. तो आता पुण्याला नोकरीला गेला. नवीन आलेला मुलगा हुशार आहे, पण त्या प्रोग्रॅमला हात लावायला घाबरतो. अशा वेळी काय करावे?
— एक कारखानदार, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : आपल्या धंद्यातली गोष्ट आपणांस सांगणे म्हणजे धाडसच आहे, तरी सांगतो. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा तयार होतो तो नमुना, ड्रॉइंगवरच्या मापापेक्षा थोडा मोठा ठेवतात, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. साध्या बिडासाठी हे आकसणे साधारण एक टक्का, म्हणजे मीटरला दहा मिलिमीटरच्या आसपास धरतात. शिवाय मशीनिंगसाठी वेगळी वाढ ठेवावी लागते ती निराळीच. हे ज्याला ठाऊक नाही त्याने व्हर्नियर लावून पॅटर्न मोजला तर त्याला तो चुकीचा वाटेल, आणि तो प्रामाणिकपणे घासून ‘बरोबर’ करू पाहील. फाउंड्रीत असे होत नाही, कारण जुना मिस्त्री शेजारी उभा असतो. आपल्या प्रोग्रॅमचा मिस्त्री पुण्याला गेला आहे. नव्या मुलाची भीती म्हणूनच शहाणपणाची आहे. न घाबरता हात लावणारा मुलगा अधिक धोक्याचा ठरला असता.

जुना मुलगा अजून फोन उचलतो आहे तोवर त्याच्याकडून दोन-तीन रविवारचा एकेक तास मागून घ्या आणि त्या वेळेचा योग्य तो मोबदलाही द्या. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच असे मांडले होते की प्रोग्रॅम हा मुळात तो घडवणाऱ्यांच्या मनात तयार झालेला एक सिद्धांत असतो आणि कोड व कागदपत्रे मिळूनही तो पूर्णपणे उतरवता येत नाही. या मतामुळे दस्तऐवजीकरणावर पाणी पडते असे काहींना वाटते. मला त्याचा अर्थ एवढाच वाटतो की मूळ माणूस हाताशी आहे तोवर बोलून घ्यावे आणि बोलणे झाल्याबरोबर ते लिहून काढावे.

मात्र लिहायला जुन्या मुलाला बसवू नका. त्याला सगळेच स्वाभाविक वाटते, त्यामुळे नेमके जे लिहायला हवे तेच तो गाळतो. फोनवर त्याने सांगावे आणि कागदावर नव्या मुलाने उतरवावे, कारण काय कळत नाही हे फक्त नव्यालाच माहीत असते. मूळ पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीवर फेरफार केले, ते कोणत्या फाइलींत आहेत, चलनाचा क्रमांक आर्थिक वर्षाबरोबर कुठे बदलतो, आणि बाहेर जॉबवर्कला गेलेला माल साठ्यात धरला आहे की नाही व कोणाच्या सांगण्यावरून, एवढे प्रथम निघाले पाहिजे. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्याकडेच निघेल. असे अनेक निर्णय मालकाने चहा पिता पिता दिलेले असतात आणि ते कोडमध्ये जातात, कागदावर येत नाहीत.

वही तयार झाली की तिची परीक्षा घ्या. एक रिकामा संगणक द्यावा आणि जुन्या मुलाला फोन न करता, फक्त त्या नोंदींवरून, नव्या मुलाने संपूर्ण व्यवस्था चाचणीपुरती उभी करून दाखवावी. जिथे तो अडेल तिथे एक वाक्य कमी आहे. तेही लिहावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. आणि जे फेरफार इतर कारखान्यांनाही उपयोगी पडतील असे असतील, ते मूळ प्रकल्पाकडे पाठवून पाहा. त्यांनी स्वीकारले तर प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी ते पुन्हा बसवण्याचे काम आपल्या माथी राहत नाही.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात कागदपत्रे भरपूर आहेत, पण ती तीन वर्षे जुनी आहेत आणि कोड केव्हाच पुढे निघून गेला आहे. चुकीची माहिती असण्यापेक्षा काहीच नसलेले बरे, असे आता वाटू लागले आहे.
— एक प्रोग्रॅमर, राजारामपुरी

उत्तर : आपल्या वैतागाला भरपूर सोबत आहे. गिटहब या ओपन सोर्स प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळाने २०१७ मध्ये घेतलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा कालबाह्य कागदपत्रांची अडचण जाणवल्याचे सांगितले, आणि त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण कागदपत्रांच्या कामाला क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही, असेही कबूल केले.

खोट्या ठरलेल्या पानावर दया दाखवू नये. ते काढून टाकावे, गिटच्या इतिहासात ते राहतेच. परंतु कोणत्या प्रकारचे लिखाण शिळे होते याकडे लक्ष दिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कोडचे वर्णन शिळे होते, कारण कोड बदलतो. निर्णयाची नोंद तशी शिळी होत नाही, कारण अमुक तारखेला अमुक परिस्थितीत अमुक ठरवले हे विधान पुढे काहीही झाले तरी खरेच राहते. प्रोग्रॅमर मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली पद्धत याच समजुतीवर उभी आहे. प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एक-दोन पानांची छोटी फाइल कोडसोबतच ठेवायची, तिच्यात परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यःस्थिती आणि परिणाम लिहायचे; आणि निर्णय फिरवला तर जुनी फाइल न खोडता तिच्यावर ‘अमुक क्रमांकाच्या निर्णयाने रद्द’ असा शेरा मारायचा. ज्याने जमिनीच्या जुन्या फेरफार-नोंदी किंवा मोडीतली दफ्तरे चाळली आहेत त्याला ही रीत परकी वाटणार नाही.

नाकारलेल्या कल्पनांची नोंद त्याहून मोलाची असते आणि ती ठेवण्याचा कंटाळा सर्वांत जास्त. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत २००० सालापासून प्रत्येक मोठ्या बदलासाठी ‘पेप’ नावाचा लेखी प्रस्ताव लागतो आणि त्यात कोणत्या कल्पना का नाकारल्या याला स्वतंत्र जागा असते. भाषेत ‘स्विच’, म्हणजे एका मूल्यावरून अनेक वाटांतली एक निवडणारे, विधान आणण्याचे प्रस्ताव फेटाळले गेले, तरी ते कारणांसह आजही वाचता येतात. पुढे २०२१ मध्ये ३.१० या आवृत्तीत ‘मॅच’ हे त्याच जातीचे विधान आले तेव्हा त्या वादातले जुने मुद्दे कोणाला आठवणीतून उकरावे लागले नाहीत.

वर्णन लिहावेच लागले तर ते यंत्राकडून तपासले जाईल असे लिहा. पायथनमधील ‘डॉकटेस्ट’ हे साधन फंक्शनच्या वर्णनात दिलेली उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहते आणि रस्ट भाषेतही तशी सोय आहे. उदाहरण खोटे पडले की चाचणी नापास होते, आणि वाचकाची दिशाभूल होण्याआधी लेखकाची झोप उडते.

प्रश्न : आमचा गट पूर्ण मराठी भाषकांचा आहे. आतल्या टिप्पण्या मराठीत लिहाव्यात की इंग्रजीत? आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोड वाचून समजावून सांगत असताना हा खटाटोप करावाच का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : भाषेविषयी आधी. तांत्रिक अडचण काही नाही. पायथन ३ कोडची फाइल मुळातच यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवण्याची पद्धत, धरून वाचते आणि गिटलाही देवनागरी संदेश चालतात. प्रश्न आहे तो पुढे कोण वाचणार याचा. लिब्रेऑफिस हा प्रकल्प २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झाला, आणि ओपनऑफिसचे मूळ जर्मनीत तयार झालेल्या स्टारऑफिसमध्ये असल्याने त्याच्या कोडमध्ये हजारो टिप्पण्या जर्मन भाषेत होत्या. त्या इंग्रजीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केले. ते जर्मन प्रोग्रॅमर चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्या भाषेत का होईना, लिहून ठेवले म्हणून भाषांतर करायला काही उरले होते. इंग्रजीत लिहायचे म्हणून हात आखडत असेल तर मराठीत लिहा. अर्धा र, ल आणि श यांची मराठी वळणे, शुद्धलेखनाचे नियम यांविषयीच्या टिप्पण्या तर मराठीतच अधिक नेमक्या होतील. बाहेरच्या लोकांना सामील करून घ्यायचे असेल तेव्हा बाहेरच्या प्रोग्रॅमांतून वापरल्या जाणाऱ्या फंक्शनांची वर्णने आणि कमिट संदेश तेवढे इंग्रजीत ठेवा. फक्त एकाच परिच्छेदात दोन्हींची खिचडी नको.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे उत्तर थोडक्यात देता येते. ती कोड काय करतो ते बऱ्याच वेळा चांगले सांगतात. कारण विचारले तर मात्र त्यांना कोडमधून अंदाज करावा लागतो, आणि तो अंदाज खऱ्या कारणाइतक्याच ठाम भाषेत येतो. मागच्या मार्च महिन्यात तुम्ही दुसरी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला आयता कोड, आठवडाभर वापरून पाहिली आणि जोडाक्षरे तुटतात म्हणून सोडून दिली, हे कुठेही लिहिलेले नसेल तर त्या साधनाला ते कळण्याचा मार्गच नाही. उलट ते नव्या मुलाला उत्साहाने तीच लायब्ररी सुचवू शकते. लिहिलेले असेल तर तेच साधन ती नोंद वाचून त्याला वेळेवर सावध करील. साधनाकडून टिप्पण्या लिहून घ्यायच्या असतील तर घ्याव्यात, पण त्यातल्या प्रत्येक ‘कारण’ या शब्दापाशी थांबून हे कारण आपल्यापैकी कोणाचे, एवढे विचारावे आणि ज्याला धनी सापडणार नाही ते वाक्य काढून टाकावे.